पाचवा ओरखडा

१

मास्तरांचा माणूस मेला, तेव्हा बागेत प्रत्येकाने आधी पुतळ्याला काय झालं ते विचारलं. मीही तेच विचारलं. ते माझं कामच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण विचारलं ते विचारलंच.

काम असं. शहरातल्या मोठ्या बागेत दरवर्षी चार महिने शिल्पं मांडतात. लोखंडाची, लाकडाची, काचेची, कधी नुसत्या दोऱ्यांची. चार महिने लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, पोरं त्यांच्यावर चढतात, आणि मुदत संपली की शिल्पं उचलून नेतात, हिरवळ पुन्हा लावतात. शिल्प आलं की त्याच्या अंगावर कुठे काय खोट आहे ते मी लिहून घेते आणि जाताना पुन्हा पडताळते. एवढंच. बागेत मला ‘ओरखडेबाई’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण ऐकू येतं. आणि खरं सांगायचं तर मला ते नाव आवडायचं.

त्या बुधवारी सकाळी साडेसातला बागेच्या अधीक्षकांचा फोन आला. ‘वाकलेली बाई’ पडली होती. यंदाच्या प्रदर्शनातलं हे सगळ्यात गाजलेलं, मास्तरांचं शिल्प. जमिनीवरचं काहीतरी उचलायला वाकलेली, दोन पुरुष उंचीची, लोखंडी पत्र्यांची बाई. पायाखाली चौकोनी जाड पत्रा, आणि तो पत्रा चार बोल्टांनी जमिनीतल्या काँक्रीटला जखडलेला.

मी पोचले तेव्हा मृतदेह कडेने ओढून काढून नेला होता. बाई पालथी पडलेली, बैठकीचा पत्रा खालून चिखलाने लिंपलेला. भोवतीची हिरवळ चिंब, चपला रुतत होत्या. जमिनीतले चारही बोल्ट सरळ उभे होते, एकही वाकला नव्हता. त्यांचे नट मेलेल्या माणसाच्या खिशात सापडले, असं हवालदार म्हणाला.

“सरळ गोष्ट आहे,” अधीक्षक म्हणाले. “मास्तरांचा माणूस नटांना तेल लावायला सकाळीच आला. नट काढले. इकडे आपल्या माळीबुवांनी फवारे सोडून ठेवलेले. जमीन भुसभुशीत झाली, पाया खचला, बाई आली अंगावर. तुम्ही तुमच्या अहवालात तेवढं लिहा, म्हणजे मी मोकळा.”

“आणि माळी?”

“त्याच्यावर पोलीस काय करायचं ते करतील. खोली मात्र शनिवारपर्यंत रिकामी करायला सांगितलीय.”

बागेच्या कोपऱ्यातल्या त्या एका खोलीत माळी आणि त्याची अंथरुणाला खिळलेली आई राहायची. तिथे तिकीटखिडकी काढायची, असं अधीक्षक दोन वर्षं घोकत होते. माणूस गेल्याला दोन तास झाले नव्हते आणि यांचं खापर फोडून, खोली मोजून झालं होतं. मला तेव्हाच वाटलं, यात कुठेतरी पाणी मुरतंय.

दहा वाजता क्रेन आली. माझ्या सवयीप्रमाणे मी तीन फोटो काढले: उचलण्याआधी, उचलताना, उचलल्यावर. तेव्हा मला त्यांत काहीच दिसलं नाही.

२

माळी खोलीच्या पायरीवर बसला होता. आत आई खोकत होती.

“ताई, मी पाणी सोडलंच नाही,” तो म्हणाला. “कोणी ऐकूनच घेत नाही. आज बुधवार. बुधवारी गवत कापायचं असतं. ओल्या गवतात यंत्र फसतं, पाती अडकतात. कापायच्या दिवशी पाणी सोडणारा माळी तुम्ही कुठे बघितलाय का?”

“तू सकाळी उठलास कधी?”

“साडेपाचला मागचं फाटक उघडलं, कापणीवाल्यांसाठी. मग आईचं करत होतो. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं, तास-दीड तास जातो. बाहेर आलो तर तिकडचे फवारे सुरू, आणि...” त्याने आत खोलीकडे पाहिलं. “मास्तरांचा माणूस चांगला होता हो. माझ्या यंत्राचा दांडा मोडला होता, तो न सांगता जोडून दिला त्याने. मला शनिवारी रस्त्यावर काढतील ताई. एकट्याला काढू देत. आईला कुठे नेऊ?”

“नळाची किल्ली कोणाकडे असते?”

लोक नळ उघडून ठेवायचे, म्हणून त्याने फवाऱ्यांच्या नळांच्या मुठी कधीच काढून टाकल्या होत्या. उघडायला चौकोनी तोंडाची किल्ली लागायची. एक त्याच्या कमरेला होती. दुसरी अधीक्षकांच्या खणात.

मी मनात अधीक्षकांना जवळजवळ फासावर चढवलं. खोली हवी, किल्ली आहे, आणि सगळ्यात आधी बोट दाखवलं तेही यांनीच. मग मी नळापाशी जाऊन गुडघे टेकले. पितळेच्या चौकोनी खुंटीवर ताजे, चकचकीत चावे होते. किल्लीने असे चावे पडत नाहीत, ती खुंटीवर टोपीसारखी बसते. हे पान्याचं काम होतं.

ज्याच्याकडे किल्ली आहे तो पाना कशाला लावेल? म्हणजे माळीही नाही आणि, मला जरा वाईटच वाटलं, अधीक्षकही नाहीत.

मी तिथेच बसून फोन काढला आणि सकाळचे फोटो पुन्हा पाहिले. तिसरा फोटो मोठा केला.

बाई जिथे पालथी पडली होती, तिथली जमीन कोरडी होती. चहूकडे चिखल आणि मधोमध वाकलेल्या बाईच्या आकाराचा कोरडा, धुळकट डाग.

पाणी बाई पडल्यानंतर सोडलं होतं.

३

म्हणजे ती पडली तेव्हा तिथे आणखी कोणीतरी होतं. ते धडधाकट होतं. त्याने पत्र्याखाली माणूस पाहिला आणि हाक मारायचं सोडून नळाकडे गेलं.

अधीक्षकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

“फोटोत उजेडाने असं दिसतं कधीकधी,” ते म्हणाले. “बाई, परवा, शुक्रवारी संग्रहालयाची माणसं येतायत. त्यांना वाकलेली बाई कायमची हवीय. आतून-बाहेरून, वरून-खालून तपासणार आहेत. अशा वेळी हे काढू नका. अपघात तो अपघात.”

“मग माळ्यावर खटला नको.”

“तेही बघू,” ते म्हणाले, म्हणजे बघणार नव्हते.

मास्तरांना भेटायच्या आधी मी त्यांच्या माणसाच्या घरी गेले. मास्तर म्हणजे शिल्पकार. वीस वर्षं वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो यायचे, आणि त्या फोटोंच्या कडेला, अर्धा कापलेला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेला हा वेल्डर असायचा. बागेत त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. ‘मास्तरांच्या माणसाला बोलवा’, ‘मास्तरांचा माणूस आला का’, एवढ्यावर काम भागायचं.

दोन खोल्यांचं घर. बायको लोखंडी खुर्चीत ताठ बसलेली. शेजारपाजारच्या बायका मला पाहून स्वयंपाकघरात गेल्या.

“वहिनी, ते सकाळी काय सांगून निघाले?”

“काही नाही. मास्तरांनी बोलावलंय एवढंच. तोंड उतरलेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, ‘खाडाखोड करायचीय थोडी.’”

“नटांना तेल लावायचं होतं म्हणे.”

तिने मान वर केली. “चारी नट खिशात होते ना? पोलीस म्हणाले. मग तेल नव्हतं लावत. हे एक नट काढायचे, तेल लावायचे, घट्ट आवळायचे, मग दुसऱ्याला हात. घरातल्या पंख्यालासुद्धा तसंच. मी हसायचे. चारी नट एकदम काढले तर ते उचलायलाच काढले.”

पोलिसांनी परत दिलेली हत्यारांची पिशवी तिने पुढे ओढली. रिकामी करून एकेक वस्तू जमिनीवर मांडली. हातोडी, पक्कड, तेलाचा डबा.

“मोठा पाना नाही,” ती म्हणाली. “सासऱ्यांचा होता. आणि ग्राइंडर नाही.”

“ग्राइंडर नेला होता?”

“माझ्यासमोर पिशवीत टाकला. बॅटरीवाला. त्याची मूठ थंडीत गार लागते म्हणून लेकीचा लहानपणीचा मोजा शिवून बसवलाय त्याला मी. पिवळा.”

ग्राइंडर लोखंड घासायला लागतो. नुसतं तेल लावायचं असेल तर कोणी ग्राइंडर नेत नाही. खाडाखोड करायचीय, असं तो म्हणाला होता. त्या वेळी माझ्या डोक्यात काहीतरी चुकचुकलं, पण मी ते नीट धरून ठेवलं नाही. धरायचं नव्हतं बहुतेक.

४

गुरुवारी मी मास्तरांकडे गेले. त्यांची कार्यशाळा म्हणजे एका जुन्या गोदामाचा निम्मा भाग. मास्तर उंच, पांढऱ्या दाढीचे, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहणारे. डोळे सुजलेले होते. रडलेले असावेत, आणि ते रडणं खोटं नव्हतं असं मी आजही म्हणेन.

“माझा उजवा हात गेला,” ते म्हणाले.

“तुम्ही काल सकाळी कुठे होतात?”

“घरी. झोपलेलो. मी त्याला सांगितलं होतं, शुक्रवारी माणसं येतायत, जरा तेलपाणी करून ठेव. एकट्याने जाऊ नकोस म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या चिखलात...” त्यांनी हात हलवला. “तो माळी बेजबाबदार आहे, मी आधीही सांगितलं होतं.”

मी भिंतीकडे पाहत होते. संपूर्ण भिंतभर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यापाशी पांढऱ्या रंगाने हत्याराची बाह्याकृती काढलेली. हातोडीच्या आकृतीवर हातोडी, करवतीच्या आकृतीवर करवत. काय कुठे टांगायचं ते आंधळ्यालाही कळावं. ही त्यांच्या माणसाची करामत. एकही हत्यार जागा सोडून नव्हतं.

एक सोडून. खाली डावीकडे, मोठ्या कात्रीच्या आकृतीवर, एक ग्राइंडर उलटा लटकत होता. मुठीला पिवळा मोजा.

“हा इथे कसा?” मी विचारलं.

“इथेच असतो तो.”

“इथे कात्री असते. ग्राइंडरची जागा ती, खिडकीजवळ. आकृती रिकामी आहे बघा. वीस वर्षांत तुम्ही एक तरी हत्यार स्वतःच्या हाताने परत टांगलंत का, मास्तर?”

ते वळून भिंतीकडे पाहत राहिले. ती भिंत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

“काल सकाळी हा ग्राइंडर त्याच्या पिशवीत होता. त्याची बायको शपथेवर सांगेल. तो मेला आणि ग्राइंडर चालत इथे आला. सोबत मोठा पानाही आला असणार, त्याच्या तोंडावर पितळ लागलेलं असेल. पाणी बाई पडल्यावर सोडलंय, त्याचा फोटो आहे माझ्याकडे. आणि चार माणसांना न हलणारं लोखंड एकट्याने उचलता येत नाही. एकजण जॅक फिरवणार, दुसरा आडवा होऊन खाली हात घालणार. जॅक तुमच्या गाडीचा, हो ना?”

मास्तर स्टुलावर बसले.

“जॅक सटकला,” ते म्हणाले. “बैठक खाली आपटली आणि तोल पुढे गेला. ती पुढे झुकलेलीच आहे. मी काही केलं नाही. सटकला.”

“तो जिवंत होता?”

“मी पाहिलं नाही.”

“पाहिलं नाहीत?”

“मला पाहवलं नाही!” ते ओरडले. मग आवाज खाली आला. “आवाज येत होता. थोडा वेळ.”

त्या थोड्या वेळात या गृहस्थाने जॅक गोळा केला, ग्राइंडर घेतला, पाना घेतला आणि माळ्याला अडकवायला पाणी सोडलं. मला त्यांच्या पांढऱ्या दाढीची किळस आली. पण एक गोष्ट उरली होती आणि ती विचारल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं.

“खाली घासायचं काय होतं?”

मास्तरांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“तुम्ही मला विचारताय?” ते म्हणाले. टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढून माझ्यासमोर टाकला. वर माझी सही होती.

५

तो माझाच अहवाल. चार महिन्यांपूर्वीचा, वाकलेली बाई आली त्या दिवशीचा. ‘दोष व ओरखडे’ या रकान्यात पाच नोंदी. एक, डाव्या खांद्यावर बोटभर ओरखडा. दोन, कोपराजवळ रंगाचा पोपडा. तीन, मानेच्या जोडाला बारीक चीर. चार, पाठीवर गंजाचा डाग. पाच, बैठकीच्या पत्र्याच्या खालच्या बाजूस वीतभर खरवड. शेरा: संपूर्ण काढून टाकता येण्याजोगी.

पाचव्याखाली मास्तरांनी लाल रेघ मारली होती.

“मी तुमचा कागद वाचलाच नव्हता,” मास्तर म्हणाले. “संग्रहालयवाल्यांनी मागितला म्हणून मंगळवारी काढला. खरवड कसली, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, नाव आहे. माझ्या कामावर त्याने स्वतःचं नाव कोरलं होतं! खाली, लपवून. विचारलं, आणखी कुठे? तर म्हणे सगळ्यांवर. वीस वर्षं. प्रत्येक कामाच्या खाली.” त्यांचा श्वास फुलला. “मी म्हटलं, तूच लिहिलंस, तूच खोड. तो हो म्हणाला. वाद नाही, काही नाही. नेहमीसारखा हो म्हणाला. आणि दोष आहे, काढण्याजोगा आहे, हे मी म्हणत नाही, तुम्ही म्हणताय. सही तुमची आहे.”

सही माझी होती.

तो दिवस मला लख्ख आठवतो. क्रेनवर बाई लटकत होती, मी खाली उकिडवी बसून बॅटरीचा उजेड पाडला. ती अक्षरं होती हे मला दिसलं होतं. मी ती वाचलीसुद्धा होती. एक नाव, एक आडनाव, सुबक, एका रेषेत. कुणाचं ते समजायला अक्कल लागत नव्हती. तो माणूस चार पावलांवर उभा होता आणि माझ्या बॅटरीचा उजेड कुठे थांबतोय ते पाहत होता. मी वर पाहिलं तेव्हा त्याने मान खाली घातली. माझ्या छापील तक्त्यात ‘शिल्पकार’ असा एक रकाना आहे, त्यात मास्तरांचं नाव आधीच भरलेलं होतं. बनवणाऱ्या हातांसाठी दुसरा रकाना नाही. आणि जे कुठेच बसत नाही ते मी दोषांत टाकते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही ना, म्हणून.

मला ते सोडून देता आलं असतं. एक ओळ कमी लिहिली असती तर तो माणूस आज भिंतीवरची हत्यारं पुसत असता.

६

मास्तरांना गुरुवारी संध्याकाळी पोलीस घेऊन गेले. पाना गाडीतच सापडला, जॅकच्या शेजारी.

अधीक्षकांनी माळ्याला बोलावून खोली ठेवायला सांगितली. माफी मागितली नाही. ‘गैरसमज झाला’ म्हणाले, जणू तो माळ्याचाच झाला होता. माळी माझ्याकडे आला आणि माझे दोन्ही हात धरले.

“ताई, तुमची नजर नसती तर मी गेलो होतो. तुमच्यापासून काही म्हणजे काही लपत नाही.”

मी हात सोडवून घेतले. तो बिचारा गोंधळला.

शुक्रवारी संग्रहालयाची माणसं आलीच. वर्तमानपत्रांत एवढं छापून आल्यावर त्यांना वाकलेली बाई आणखीच हवीशी झाली होती. क्रेनने तिला उचलून आडवी धरली, आणि चिखल धुतलेला बैठकीचा पत्रा सगळ्यांसमोर आला. त्या माणसाने खोडायला शेवटापासून सुरुवात केली होती. आडनाव गेलं होतं, तिथे घासलेलं लोखंड चमकत होतं. नाव शाबूत होतं. एवढं मात्र त्याने शेवटी ठेवलं होतं.

अधीक्षक माझ्या कानाशी आले. “हे उरलेलंही काढून टाकायचं, असा शेरा लिहा. अर्धवट बरं दिसत नाही.”

“मी लिहिणार नाही.”

“मग कोणीतरी लिहील,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

तेवढ्यात हिरवळीवरून ती येताना दिसली. बायको. सोबत दहा-बारा वर्षांची लेक. कोणी बोलावलं नव्हतं; माळ्याने सांगितलं असावं. लोक आपोआप बाजूला झाले. ती पत्र्यापाशी आली, वाकली आणि नावावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मग पुढच्या घासलेल्या जागेवरूनही, तिथे अजून अक्षरं असल्यासारखं. लेकीलाही जवळ ओढून दाखवलं.

मग ती माझ्याकडे वळली.

“तुमच्या कागदात हे आहे म्हणतात. दाखवा.”

मी दाखवला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? तिने कागद हातात घेतला, वरून खाली सावकाश वाचला. पाचव्या नोंदीवर थांबली. पुन्हा वाचली. मला वाटलं, आता ही मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. तिला खरंच कळत नव्हतं.

“बाई, अक्षर किती चांगलं आहे हो त्यांचं,” ती म्हणाली. “खरवड का लिहिलंत?”

वरून क्रेनवाला ओरडून विचारत होता, खाली घेऊ का म्हणून.